खाल्लेलं माप

छगनआबाने बोअरची मोटार टेम्पोतून उतरवू दिलीच नाही. पायाने लोटली. तीन फुटांचं ते लोखंडी धूड अंगणात असं आदळलं की ओसरीवर बसलेल्या उमाकांतच्या आईच्या, जसोदाबाईच्या हातातला तांब्या सुटला.

"दख रे उमाकांत, तुन्ही बायकोनी बांधेल मोटर! दोन दिवस चालनी. दोन! मन्ही केयी काय हौसथीन उभी शे का शेतमा?"

वैशाखातली दुपार, शेतात त्याची केळी तहानलेली. प्रकाशा गावाच्या त्या आळीत कुत्रंसुद्धा तापल्या मातीवर पाय टेकवत नव्हतं. पण छगनआबाचा आवाज ऐकून चार घरांची दारं उघडली. उमाकांत खाली मान घालून म्हणाला, "तपासतस आबा."

तपासायला त्याची बायको आशा आली. मोटार उमाकांत आणि त्याचा धाकटा भाऊ धीरज बोअरमधून वर काढायचे, परत खाली सोडायचे. जळालेली मोटार पुन्हा तारेने बांधायची ती मात्र आशाने. गेली चौदा वर्षं. तिने मोटारीच्या पोटातलं नळकांडं उघडलं, काळी पडलेली तार बोटांनी चाचपत चाचपत ओढली आणि एका जागी थांबली. तांब्यावरचं प्लास्टिकचं कातडं तिथे फाटलं होतं. फटीत बाजरीच्या दाण्याएवढा खडा. तिने तो तळहातावर घेतला.

"हाई दखा, आबा. रेती. मी बांधं तव्हय नव्हती. उघडा टेम्पोमा, गोणपाटमा गुंडाळीसन तुमना शेतवर गयी, रस्तामा घुसनी. मन्हा हातनी चूक नही."

छगनआबाने तिच्या तळहाताकडे पाहिलंच नाही. उमाकांतकडे बघत म्हणाला, "मी बाईसंगे बोली नही ऱ्हायनू."

चार दारांतून कुणीतरी हसलं.

आशाने मूठ मिटली. तो खडा तिला संध्याकाळपर्यंत तळहातात रुतत राहिला. भाकरी थापायला घेतली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण तो टाकलेलाच नाही. मग तिने तो चुलीत फेकला आणि वळून नवऱ्याला सांगितलं, "गाडी ल्या. बंद गाडी. मोटर आठे आननी नही, तठे नेनी नही. मीच शेतवर यी जासू. बोअरमाईन काढी, गाडीमा बांधी, लगेच बोअरमा सोडी. रेती घुसीच कशी ते दखू."

उमाकांतने घास थांबवला. कल्पना इतकी सरळ होती की आपल्याला का सुचली नाही, याचाच त्याला राग आला असावा. पण तो "हां" म्हणाला. आशाने तो "हां" गाठीला बांधून ठेवला.

*

गाडी बघायला शहाद्याला तिघं गेले. दिनेशच्या जुन्या गाड्यांच्या वाड्यात रांगेने गाड्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या काचेवर चुन्याने आकडे. दिनेशने दोघा भावांना हात मिळवला आणि आशाला म्हणाला, "ताई, तुम्ही सावलीत बसा. चहा मागवतो."

"गाडी मला लागणार आहे," आशा म्हणाली. परक्या माणसाशी ती शाळेतली मराठी बोलायची.

"अरे वा! चालवणार तुम्ही?"

"बसणार."

दिनेशला ते फारच गमतीचं वाटलं. त्याहून गंमत त्याला आशाच्या हातातल्या वस्तूची वाटली. ते होतं उसाचं एक लांब कांडकं, विळ्याने तीन खाचा पाडलेलं.

फुटपट्टी धीरजच्या खिशात असायची आणि खिशातच राहायची. शिवाय पट्टीला फूट कळतात, गुडघा कळत नाही. पाण्यातली मोटार बांधायची म्हणजे नळकांडं आडवं ठेवायचं, त्याच्या एका टोकाला एकीने मांडी घालून बसायचं, दुसऱ्या टोकाला दुसरीने. हिने भोकातून तार सारायची, तिने ओढायची, शेजारच्या भोकातून परत सारायची, हिने ओढायची. वेढ्यामागून वेढा, सहा-सात तास. घरी दुसऱ्या टोकाला जसोदाबाई बसायची. सासू-सुनेचं भांडण असलं तरी तारेचा वेढा चुकायचा नाही. भांडणही वेढे मोजत मोजतच चालायचं. तर आदल्या दिवशी आशा नळकांड्यापुढे बसली होती आणि सासूला म्हणाली होती, "आत्याबाई, बाजूमा ऊस धरा. हाई नळकांडं सरनं, करा खाच. आठे मन्हा गुडघा, करा खाच. आते मी तार ओढस, मन्हं कोपर कोठे जास दखा. तठे करा."

ते हे माप.

धीरजचा डोळा उंच, उघड्या मालवाहू टेम्पोवर होता, ज्याला सगळे छोटा हत्ती म्हणतात. "दादा, हाई ली लेऊत. पाइप टाकता येतस, उभं ऱ्हाता येस. गावमा कोनी वरात ऱ्हायनी ते डीजे बी ठी देता येस."

"मोटरनी वरात काढनी शे का?" आशाने विचारलं.

ती रांगेच्या शेवटाला उभ्या असलेल्या पिवळ्या गाडीकडे गेली. शाळेची मुलं नेणारी जुनी व्हॅन. शाळेचं नाव खरवडलेलं, मांजराचं एक चित्र मात्र काचेवर तसंच. मागची बाकं आधीच काढलेली. आशा चपला बाहेर ठेवून आत चढली. पत्र्याच्या खाचेत पेन्सिलीची टरफलं होती आणि एक लाल क्लिप. तिने ऊस आडवा टाकला. या दारापासून त्या दारापर्यंत. कोपराची खाच बरोबर दाराच्या अलीकडे आली. मग दोन्ही बाजूंची सरकती दारं तिने ढकलली. वारा या बाजूने आला नि त्या बाजूने गेला, उजेड दोन्हीकडून. दुसऱ्या टोकाचं माणूस दाराबाहेर जमिनीवर उभं राहिलं तरी तार ओढू शकेल. धूळ उठली तर दारं बंद.

"हाई," ती आतूनच म्हणाली.

"डबडं शे वैनी," धीरज म्हणाला. "डोकं बी वर करता येत नही."

"डोकं वर करानं काम मालेच नही पडत भाऊ. मी बसीसन काम करस."

उमाकांत गाडीभोवती दोन वेळा फिरला, चाकाला लाथ मारून बघितली, वाकून खाली पाहिलं. मग म्हणाला, "पाइप टपवर टाकसूत." त्या क्षणी आशाला तो लग्नातल्यापेक्षा देखणा वाटला.

*

गाडी सजवायला गेली जालमसिंगकडे. जालमसिंग धडगावच्या डोंगरातला पावरा आदिवासी, शहाद्याच्या बायपासवर वेल्डिंगचं दुकान. कमी बोलायचा, पण ऐकायचा पुरतं. आशाने त्याला उसावरच्या खाचा दाखवल्या.

"टपावर पाइपांना कॅरिअर. अगदी मागे जनरेटर. त्याच्या वर हत्यारांचे कप्पे. आणि इथं, या मापाएवढं, काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मोकळं. खाली जाड रबर अंथरा फक्त."

"टेबल?"

"नको. मोकळं."

जालमसिंगने मान हलवली. ऊस खिळ्याला सुतळीने टांगला. दुसऱ्या दिवशी आशाला दोन मोटारी बांधायच्या होत्या. तिने जाणं शक्य नव्हतं. धीरज म्हणाला, "मी बसस ना तठे दिवसभर. तू काळजी नको करू, वैनी."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली. झेंडूची माळ, बोनेटवर स्वस्तिक, आत गाण्याचा डबा दणदणत होता. पुढच्या दोन्ही सीटांना लाल मखमली खोळ. जसोदाबाई कुंकवाचा करंडा घेऊन निघाली. आशा ओल्या हातांनी बाहेर आली आणि सरळ सरकत्या दाराकडे गेली.

दार सरकेना.

तिने जोर लावला. मग वाकून बघितलं. दाराला आतून लोखंडी पट्टी वेल्ड केलेली होती. ती वळसा घालून दुसऱ्या दाराने आली. आत बरोबर मधोमध टेबल. चांगलं जाड पत्र्याचं, चार पायांचं, वर लोखंड आवळून धरायचा शिकंजा बसवलेला. दुकानात उभं राहून काम करतात त्या उंचीचं. टेबल आणि टप यांच्यामध्ये जेमतेम दीड वीत जागा. त्या टेबलापुढे उभं राहता येत नव्हतं, कारण वर टप. बसता येत नव्हतं, कारण समोर पत्रा. त्यावर काम करायचं तर माणसाला गळ्यापासून वर कापून ठेवावं लागलं असतं.

"कसं शे?" धीरज म्हणाला. "फस्ट क्लास! दार बंद करं म्हनूनच टेबल हालत नही. टेबलले टेका पाहिजे ना."

आशाने टेबलाखाली वाकून पाहिलं, मग कप्प्यांत. "माप कोठे शे?"

"कोनतं माप?"

"ऊस."

धीरज हसला. खरंच मनमोकळं हसला तो, त्यात खोटं काही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं. "तो? खादा मी. ऊन कितलं व्हतं वैनी! जालमसिंग इचारे, माप कोठे, माप कोठे. मी सांगं, मले माहीत शे, कर तू टेबल."

"तू मन्हं माप खादं?"

"ऊसच व्हता ना! सोनं व्हतं का?"

आशाने उमाकांतकडे पाहिलं. उमाकांत माळेतलं एक फूल नीट करत होता.

"तुमले माहीत व्हतं?"

"आते व्हयी गयं ते व्हयी गयं," तो फुलाला म्हणाला. "तू मोटर घरच बांध ना. ओसरीवर सावली शे. बाईमानूस शेतवर, बोअरवर... लोके बी काय म्हनतीन."

"बोअरवर बाई गयी ते पानी खाले जास," जसोदाबाई करंडा धरून म्हणाली. "पहिलेपासून म्हनतस."

"मंग ज्या बोअरमा मन्ही बांधेल मोटर जास, तठलं पानी कसं वर येस, आत्याबाई?"

यावर जसोदाबाईने गाडीला कुंकू लावलं.

आशा आत गेली. विळा, पकड, तारेची भेंडोळी, सगळं तिने कोनाड्यात ठेवलं आणि कोनाड्याला पडदा ओढला. "मी मोटर घर बांधाव नही. गाडीमा बांधसू. गाडीमा जागा नही ते बांधाव नही." बस. एवढंच बोलली. स्वयंपाक केला, धुणं धुतलं, धीरजच्या ताटात भाजीही वाढली, पण मोटार एकही बांधली नाही. पहिल्या दिवशी अंगणात दोन जळक्या मोटारी आल्या. दुसऱ्या दिवशी पाच. उमाकांत त्यांच्याभोवती असा फिरत होता जसा सुतकात फिरतात. धीरजने एक मोटार त्या टेबलावर चढवून बघितली. मान वाकडी करून अर्धा तास तार सारली आणि मग टपाला डोकं आपटून खाली उतरला. टाळूवर टेंगूळ. जसोदाबाईने हळद लावली. आशाने विचारलं, "उभं ऱ्हाता येस ना, भाऊ?"

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार काढायला गेलेली पिवळी गाडी शेतावरून परत आली ती मोटारसायकलीच्या पहाऱ्यात. मोटारसायकलीवर छगनआबा. त्याच्या दुसऱ्या बोअरची मोटार जळाली होती, आणि शहाद्यातल्या सगळ्या बांधणाऱ्यांनी दहा दिवसांचा वायदा दिला होता. त्या बोअरवरच्या केळीला पाणी बंद होऊन तीन दिवस झालेले. पानं दुपारी कागदासारखी वाजायला लागली होती.

तो अंगणात उभा राहिला. घामाने सदरा पाठीला चिकटलेला. उमाकांतकडे बघत म्हणाला, "सांग तिले, बांध म्हनीसन."

उमाकांत म्हणाला, "आशा, आबा म्हनतस—"

"कोन आबा? माले कोनी काही सांगं नही. आबा बाईसंगे बोलतस कोठे?"

आळीतली दारं पुन्हा उघडली होती. या वेळी कुणी हसलं नाही; ऐकायचं होतं सगळ्यांना. छगनआबाच्या कानशिलावरची शीर उडत होती. त्याने घसा खाकरला. एकदा कुंपणाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"बाई," तो म्हणाला. "मन्ही केयी मरी ऱ्हायनी."

आशा उठली. पडद्यामागून भेंडोळी काढली, पकड काढली. मग गाडीच्या मागे गेली आणि जनरेटरची दोरी ओढली. पहिल्या झटक्याला लागला नाही, दुसऱ्याला लागला. धीरजच्या कप्प्यातून तिने लोखंड कापायचा ग्राइंडर घेतला, पदर कमरेला खोचला, डोळ्यांवर उमाकांतचा चष्मा चढवला.

"वैनी, हात जाई तुन्हा!"

"जाऊ दे. माप बी गयं ना." ती आत शिरली. "तुमी धरा," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"टेबलना पाय."

उमाकांतने पाय धरला. ग्राइंडर किंचाळला आणि पिवळ्या गाडीतून ठिणग्यांचा फवारा उडाला. जनरेटरच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं, आणि आशाला नेमका तोच आवाज हवा होता. चौदा वर्षांत तिच्या बाजूने इतक्या मोठ्याने कुणी ओरडलं नव्हतं. एक ठिणगी पुढे जाऊन लाल मखमलीवर बसली. खोळीला भोक पडलं, धूर निघाला. धीरज "ए, ए!" करत धावला. दुसरी ठिणगी दुसऱ्या खोळीवर.

"बाई, मन्ही केयी मरी ऱ्हायनी आनि तू टेबल कापस?" छगनआबा ओरडला.

"तुमनी केयीसाठेच कापस!"

चार पाय. मग दाराची पट्टी. पट्टी सुटली तेव्हा दार आपोआप हातभर सरकलं, आणि पलीकडून वारा आत आला. आशाने ग्राइंडर बंद केला. मनगटावर ठिणग्यांचे चार-पाच काळे टिपके. उमाकांत हातात टेबलाचा पाय धरून तसाच बसलेला.

"मले माहीत व्हतं," तो हळूच म्हणाला. "धीरजनी फोन करा व्हता. मी सांगं, कर."

"माले कयनं ते," आशा म्हणाली. "तव्हयच, फूल नीट करी ऱ्हायनात ना, तव्हयच कयनं."

तिने त्याच्या हातातून टेबलाचा पाय घेतला आणि दाराबाहेर टाकला.

*

गाडी केळीच्या बांधावर लागली तेव्हा अकरा वाजून गेले होते. छगनआबा म्हणाला, "बोअरपासून लांबच उभी करा. तिले खाले उतरू नका देऊ." आशाने ऐकलं. उतरायची गरज नव्हतीच. नळकांडं आडवं झालं. ती या टोकाला मांडी घालून बसली, गुडघा टेकला, कोपर मागे नेऊन पाहिलं. कुठे अडलं नाही.

"दुसरं टोक कोन धरस?"

उमाकांतला पंप साफ करायचा होता. उरला धीरज. तो दाराबाहेर, चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून उभा राहिला.

"ओढ. थांब. सार. ओढ भाऊ, झटका नको देऊ, कातडं फाटी जाई. एक व्हयना. ओढ."

"वैनी, पानी पिऊ दे."

"वेढा पुरा होऊ दे. मोज तू बी. कितला व्हयनात?"

"...अकरा?"

"तेरा. तुन्हा हाते सोडं असतं ते दोन दिवसमा जयनी असती, आनि आबा मन्हं नाव घेतात."

दुपार चढली. गाडीचा पत्रा तव्यासारखा तापला. आशाच्या पाठीवरून घामाची धार कमरेपर्यंत, पोळलेल्या मनगटावर मिठासारखी आग. दोन वेळा वावटळ आली; दोन्ही वेळा तिने "दार!" म्हणून दोन्ही दारं बंद करून घेतली आणि भट्टीत शिजल्यासारखी आत बसून राहिली, तारेवर ओलं फडकं धरून. धीरजच्या तर्जनीला तारेने चिरा पडल्या. दुपारनंतर तो विनोद करायचा थांबला. चारच्या सुमाराला तो आपण होऊन म्हणाला, "वैनी, हाई वेढा ढिला लागस. परत ओढू?" आशाने बोट लावून पाहिलं. ढिला होता.

"ओढ," ती म्हणाली.

ऊन कलताना मोटार बांधून झाली, झाकण आवळून, पाणी भरून पाइपाला लागली, साखळीवरून खाली गेली. उमाकांत स्टार्टरच्या पेटीजवळ उभा राहिला. आशा गाडीतून खाली उतरली. मांडी आखडल्यामुळे पहिली चार पावलं ती लंगडली. हातात वीज किती ओढते ते मोजायचा चिमटा.

"बाई!" छगनआबा म्हणाला. "बोअरजवळ नको."

"मन्ही मोटर शे. मी मोजीसनच चालू करसू. नही ते काढा बाहेर."

ती चालत राहिली. छगनआबा आडवा आला नाही. तिने चिमटा तारेला लावला, मान हलवली. उमाकांतने खटका दाबला. आधी पाइपातून नुसती हवा आली, खोकल्यासारखी. मग गढूळ थुंकी. मग पाणी, मांडीएवढं जाड, केळीच्या सरीत धडधडत पडणारं. चिमट्यावरचा आकडा तिला हवा तिथे थांबला. ती मुद्दाम आणखी थोडा वेळ बोअरला खेटून उभी राहिली. पाणी खाली गेलं नाही.

छगनआबा सरीतून वाकून पाणी तोंडावर मारत होता. तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुढला आठवडामा मन्हा भाऊनी बी मोटर शे."

"त्यासले सांगा, फोन माले करा."

बांधाच्या पलीकडे त्याचाच ऊस उभा होता. आशाने न विचारता एक मोडला, गाडीत नेला, नळकांडं जिथे ठेवलं होतं तिथे आडवा टाकला आणि विळ्याने तीन खाचा पाडल्या. मग पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसली. मखमलीला पडलेलं भोक बरोबर तिच्या मांडीखाली आलं.

धीरज नेहमीसारखा पुढच्या दाराशी आला. हात दाराला लागला आणि थांबला.

"मी कोठे बसू?"

"मांगे."

"मांगे कोठे? मांगे सीट कोठे शे?"

"जितलं माप, तितली जागा शे," आशा म्हणाली. "मांडी घालीसन बस."

तो उमाकांतकडे बघू लागला. उमाकांतने किल्ली फिरवली. धीरज मागे गेला, वाकला, टपाला डोकं लागू नये म्हणून आणखी वाकला आणि रबरावर बसला. आशाने मागे वळून तो ऊस त्याच्या हातात दिला.

"धर," ती म्हणाली. "आनि दात नको लावू."